बेसलाईन स्वतः वाजवून घेतली की सुटलो, असं नसतं : 'रॅपर्स डिलाईट'चा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा होता. नाशिकचे तीन मित्र, मराठी रॅप लिहून तयार आहे, खाली अमेरिकन 'शीक' बँडच्या 'गुड टाइम्स'ची बेसलाईन, म्हणजे बेस गिटारवरची चाल, हवीये, पण सॅम्पल (मूळ रेकॉर्डिंगचा तुकडा) न उचलता ओळखीच्या बेसिस्टकडून वाजवून घेणार. मग कॉपीराईटचा प्रश्न मिटला ना? आणि १९७९ मध्ये 'रॅपर्स डिलाईट' हे रॅप गाणं करणाऱ्या शुगरहिल गँगने पण हेच केलं आणि ते तर मालामाल झाले, मग आम्ही का नाही?

आधी सरळ उत्तर देतो, मग गोष्ट सांगतो. प्रश्न मिटत नाही, अर्धाच मिटतो. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. एक रेकॉर्डिंग, त्याला धंद्यात मास्टर म्हणतात, आणि दुसरी रचना, म्हणजे चाल आणि शब्द, तिचा कारभार पब्लिशर बघतो. बेसिस्टकडून वाजवून घेतलंस की मास्टरवाल्याशी तुझा संबंध संपला, पण चाल ज्याची आहे तो तिथेच बसलाय. आता लगेच कोणीतरी म्हणणार की अरे कव्हर व्हर्जनचा नियम आहे की. आहे, आपल्या कॉपीराईट कायद्यात कलम ३१सी आहे, पण ते मूळ गाणं आहे तसं परत गायचं असेल तर, तेही मूळ रेकॉर्डिंगनंतर पाच वर्षं गेल्यावर, आधी नोटीस देऊन, रॉयल्टी आगाऊ भरून, आणि ती रॉयल्टी वर्षाला कमीत कमी ५०,००० प्रती धरून. दुसऱ्याच्या चालीवर स्वतःचे नवे शब्द चढवणं हे कव्हर नाहीच, त्याला परवानगीच लागते. आणि ज्या गाण्याचं उदाहरण तू दिलंस ना, त्याच गाण्यावर ही अक्कल सगळ्या इंडस्ट्रीला आली, म्हणून ते नीट बघू.

१९७९ पर्यंत हिपहॉप सहा वर्षांचं झालं होतं. ११ ऑगस्ट १९७३ ला ब्रॉंक्समध्ये १५२० सेजविक अॅव्हेन्यूच्या बिल्डिंगमध्ये डीजे कूल हर्कने जी पार्टी केली तिथून मोजतात. पण सगळं चालायचं ते लाईव्ह. दोन टर्नटेबल, गाण्यातला ब्रेक (नुसत्या तालाचा तुकडा) पुन्हा पुन्हा फिरवायचा, एमसी म्हणजे रॅपर वर बोलणार, रात्रभर. कॅसेटी फिरायच्या, पण याचं रेकॉर्ड काढून दुकानात विकावं हे त्या लोकांच्या डोक्यातच नव्हतं. त्यांच्यातल्याच डीजे ग्रँडमास्टर फ्लॅशने स्वतः नंतर सांगितलंय की रेकॉर्ड काढायला त्याला आधी विचारलं होतं, पण दुसऱ्याच्या रेकॉर्डवर बोललेलं रेकॉर्ड विकत कोण घेणार असं वाटून त्याने लक्ष दिलं नाही. (पहिलं रॅप रेकॉर्ड 'रॅपर्स डिलाईट' होतं असं सर्रास लिहितात, ते तेवढं बरोबर नाही, फॅटबॅक बँडचं 'किंग टिम थ्री' त्याच वर्षी थोडं आधी आलं होतं. पण ते दुसऱ्या गाण्याच्या बी साईडला, म्हणजे तबकडीच्या मागच्या बाजूला, होतं आणि तेवढं चाललं नाही, त्यामुळे पहिलं हिट म्हण, वाद संपला.)

या सगळ्यात खरी मुरलेली व्यक्ती एकच होती, सिल्व्हिया रॉबिन्सन. बाई स्वतः गायिका, १९५६ मध्ये 'मिकी अँड सिल्व्हिया' म्हणून हिट दिलेलं, १९७३ मध्ये 'पिलो टॉक' दुसऱ्याबरोबर लिहून स्वतः गायलेलं, स्टुडिओत कन्सोलवर बसता येतं, नवरा जो रॉबिन्सनबरोबर न्यूजर्सीच्या एंगलवुडमध्ये लेबल आणि स्टुडिओ. पण १९७९ ला जुनी कंपनी डबघाईला आलेली. हार्लेममधल्या 'हार्लेम वर्ल्ड' क्लबमध्ये तिने डीजे लव्हबग स्टार्स्कीला रेकॉर्डवर बोलताना आणि पब्लिक त्याला ओरडून उत्तर देताना बघितलं, आणि तिच्या डोक्यात ट्यूब पेटली की हे विकलं जाणार. मग शुगर हिल रेकॉर्ड्स नावाने नवं लेबल, पैसा लावला मॉरिस लेव्हीने, जो त्या धंद्यातला बदनाम पण दमदार माणूस होता.

रॅपर शोधायला मुलगा जोई ज्युनियरला कामाला लावलं. एंगलवुडमधल्या पिझ्झाच्या दुकानात हेन्री जॅक्सन, म्हणजे बिग बँक हँक, काम करता करता कॅसेटबरोबर रॅप करत होता. दुकानाबाहेर जोईच्या गाडीत बसवून ऑडिशन घेतली, तेवढ्यात गाय ओब्रायन उर्फ मास्टर जी आला, मग मायकल राईट उर्फ वंडर माईक आला, आणि बाईने एकाला निवडायच्या ऐवजी तिघांनाही उचललं. म्हणजे तिघांचा आधी ग्रुपच नव्हता, हे लक्षात ठेव. ब्रॉंक्समध्ये वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या लोकांना हे न्यूजर्सीचे उपटसुंभ वाटले आणि त्यांचा राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. पण प्रोड्यूसर म्हणून विचारशील तर तीन आवाज घेणं हा जबरदस्त निर्णय होता. वंडर माईक गुळगुळीत, गप्पा मारल्यासारखा, मित्राच्या घरी जेवायला गेलो आणि जेवण भिकार निघालं असलं काहीतरी सांगणारा. हँक जाडजूड, छाती पुढे काढून बोलणारा. मास्टर जी सतरा वर्षांचा पोरगा, आवाज वरचा आणि चपळ. दर थोड्या वेळाने माईक बदलतो, पोत बदलतो, म्हणून चौदा मिनिटं पस्तीस सेकंद एकच ग्रूव्ह चालू असूनही कान कंटाळत नाही. तुम्ही पण तिघं आहात, तर एकेकाने सलग सोळा बार (एक बार म्हणजे चार ठोके) म्हणून मोकळं व्हायच्या ऐवजी हे ऐका, कोण कुठे तोडतो, कोण कुठे उचलतो.

आता बेसलाईन, कारण सगळी मेख तिथेच आहे. सॅम्पलर तेव्हा कोणाच्या हातात नव्हता, त्यामुळे सुरुवातीला 'लव्ह डिलक्स'च्या एका डिस्को गाण्याचा तुकडा घेतला आणि पुढे 'गुड टाइम्स'चा ग्रूव्ह बाईने बँड बसवून वाजवून घेतला. 'पॉझिटिव्ह फोर्स' नावाच्या बँडची मंडळी होती. बेस वाजवणारा चिप शिअरिन सतरा वर्षांचा, त्याने पुढे मुलाखतीत सांगितलंय की त्याला काम दिलं ते पंधरा मिनिटं न चुकता तेच तेच वाजवायचं, आणि मिळाले सत्तर डॉलर. वाजवून बघ म्हणजे कळेल. टेम्पो १११ च्या आसपास, ई मायनर. बारच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या ठोक्यावर ई, ई, ई, तीन सरळ दणके, मग क्षणभर श्वास, आणि मग लाईन धावत वर जाऊन ए वर उतरते आणि फिरून परत. चार बारचं वाक्य. पब्लिकला ते तीन दणके ऐकले की पाय आपोआप पडतो आणि रॅपरला नंतरच्या श्वासात शब्द टाकायला जागा मिळते. शिवाय वर दोन आणि चारला टाळी, मधल्या पट्ट्यात फार गर्दी नाही, त्यामुळे आवाज स्वच्छ समोर येतो. बर्नार्ड एडवर्ड्सने ही लाईन काय डोक्याने लिहिली असेल देव जाणे, पण बेस शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी हीच पहिली वाजवायला सांगतो. सोपी वाटते आणि पाचव्या मिनिटाला बोटं बोलायला लागतात, पंधरा मिनिटांचं तर सोडूनच दे.

आता व्यवसायाचं डोकं बघ. 'गुड टाइम्स' जून १९७९ ला आलं आणि ऑगस्टमध्ये बिलबोर्डला नंबर एकवर होतं. म्हणजे सिल्व्हियाने जी लाईन निवडली ती त्या उन्हाळ्यात आख्ख्या अमेरिकेच्या डोक्यात आधीच वाजत होती. सप्टेंबरमध्ये 'रॅपर्स डिलाईट' बाजारात. मोठ्या लेबलला या वेगाने काही जमलंच नसतं, मीटिंगाच चालल्या असत्या. स्टुडिओ घरचा, लेबल घरचं, वितरणाच्या आणि रेडिओवाल्यांच्या ओळखी वीस-बावीस वर्षांच्या. आणि माध्यम निवडलं बारा इंची सिंगल. सात इंची तबकडीवर चार-पाच मिनिटांच्या वर गेलं की आवाज पडतो, बारा इंचीवर खोबणी रुंद ठेवता येते, बेस दणदणीत बसतो, क्लबवाल्या डीजेला तेच पाहिजे असतं. रेडिओसाठी मग छोट्या आवृत्त्या कापल्या. नंतर काय झालं ते माहीतच आहे. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ३६ पर्यंत, टॉप ४० मध्ये घुसलेलं पहिलं रॅप गाणं; सोल यादीत ४; ब्रिटनमध्ये ३; कॅनडात १. डिसेंबर उजाडेपर्यंत मर्क्युरीसारख्या मोठ्या लेबलने रॅपर कर्टिस ब्लोचं ख्रिसमस रॅप काढलं आणि त्याचंच १९८० चं 'द ब्रेक्स' हे विक्रीचं गोल्ड प्रमाणपत्र मिळालेलं पहिलं रॅप सिंगल. वर्षभरापूर्वी जे कोणी विकत घेणार नाही असं वाटत होतं त्याच्या मागे सगळे धावायला लागले.

इथपर्यंत सगळं छान. आता 'मालामाल झाले' या भागाकडे येऊ, म्हणजे नक्की कोण झालं.

सगळ्यात आधी कॅझ. हँक हा मूळचा ब्रॉंक्सचा, तिथल्या ग्रँडमास्टर कॅझ या रॅपरची मॅनेजरगिरी करायचा. पिझ्झाचं काम धरलं तेच मुळी साऊंड सिस्टिमसाठी घेतलेले पैसे फेडायला. संधी आली तेव्हा याच्याकडे स्वतःचं काही नव्हतं, तर कॅझकडे गेला आणि त्याची ओळींची वही मागितली. कॅझने दिली, दोस्तीत, की याचं काही झालं तर पुढे आपलंही बघेल. आता गंमत बघ, हँकने ओळी इतक्या जशाच्या तशा उचलल्या की रेकॉर्डवर स्वतःची ओळख करून देताना स्पेलिंग करतो ते कॅझच्या नावाचं, कॅसानोव्हा फ्लाय. सुपरमॅन आणि लुईस लेनवाला भाग पण कॅझचाच. म्हणजे चोरीचा माल स्वतः मालकाचं नाव ओरडून सांगतोय, जगभर विकला जातोय, आणि रेकॉर्डच्या लेबलवर लेखकांत कॅझ नाही. पैसेही नाहीत, क्रेडिटही नाही. एक साधा कागद असता ना दोन ओळींचा तर कदाचित आयुष्य वेगळं झालं असतं माणसाचं.

मग एडवर्ड्स आणि नाईल रॉजर्स, 'गुड टाइम्स'चे मालक. रॉजर्सने न्यूयॉर्कच्या एका क्लबमध्ये डीजेला हे वाजवताना ऐकलं, आपलीच लाईन आणि वर भलतेच लोक बोलतायत, डीजेला विचारलं तर म्हणाला आजच हार्लेममधून आणलंय. लेबलवर लेखक म्हणून सिल्व्हिया आणि तिघं रॅपर, शीकचं नाव कुठेच नाही. वकील लागले, तडजोड झाली आणि एडवर्ड्स-रॉजर्स ही नावं लेखक म्हणून लागली. लक्षात घे, बेस दुसऱ्या पोराने वाजवलेला होता. तुझा जो प्लॅन आहे ना 'वाजवून घेऊ' तोच. तरी चाल त्यांची म्हणून गाणं त्यांचं झालं, आणि तेव्हापासून जेव्हा जेव्हा ते कुठे वाजतं, जाहिरातीत घेतलं जातं, तेव्हा रचनेचा पैसा त्यांच्याकडे जातो. रॉजर्सचा राग पुढे ओसरला, ते गाणं त्याला आवडतं असं तो जाहीर सांगतो. मलाही आवडलं असतं त्याच्या जागी!

आणि रॅपर तिघं? गाणं हिट, चेहरे माहीत, पण लेबल, स्टुडिओ, पब्लिशिंग सगळं रॉबिन्सन कुटुंबाकडे. पुढे वंडर माईक आणि मास्टर जी बाहेर पडले तर ग्रुपचं नावसुद्धा त्यांच्याकडे नाही, इकडे जोई ज्युनियर मास्टर जी म्हणून स्टेजवर, आणि खरा मास्टर जी आपलंच नाव परत मिळवायला कोर्टात. यावर २०११ मध्ये माहितीपटही आला. त्याच वर्षी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय रेकॉर्डिंग यादीत हे गाणं गेलं आणि त्याच वर्षी सिल्व्हिया वारली. हँक २०१४ मध्ये. शुगर हिल तर १९८६ लाच बंद पडलं होतं.

सिल्व्हियाला सरळ खलनायिका करणारे लोक बरेच आहेत, माझं तसं मत नाही. ती नसती तर हे सिंगल झालंच नसतं, १९८२ चं 'द मेसेज' पण नसतं, त्यासाठी तिने रॅपर मेली मेलच्या मागे लागून ते करवून घेतलं (त्या रेकॉर्डवर नाव ग्रँडमास्टर फ्लॅशचं मोठं, पण त्यात त्याचं काम नाही, हे लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही). कान तिचा होता, हिंमत तिची होती. फक्त स्वतः कलाकार म्हणून जे कागद न वाचता सह्या करणाऱ्यांचं होतं ते पुरेपूर माहीत असूनही तिने तेच दुसऱ्यांना केलं, आणि हे मला जास्त बोचतं.

आता तुमच्या गाण्याकडे. 'गुड टाइम्स'ची परवानगी मागू शकता, परदेशी पब्लिशरचे भारतातले प्रतिनिधी असतात, पण नवीन ग्रुपला उत्तर यायलाच महिने जातील आणि आलं तर आगाऊ रक्कम अधिक रचनेतला मोठा वाटा मागतील, कधी कधी पूर्णच. पहिल्या सिंगलसाठी हा उद्योग करू नका असं माझं स्पष्ट मत. दुसरा रस्ता आहे आणि तोही त्याच लाईनमधून निघालेला. क्वीनचं १९८० चं 'अनदर वन बाइट्स द डस्ट' काढून ऐक, तिथेही सुरुवातीला ई वर तीन दणकेच आहेत. त्यांचा बेसिस्ट जॉन डीकन शीकच्या लोकांबरोबर स्टुडिओत वेळ घालवून आला होता, हे एडवर्ड्सनेच सांगितलंय. पण पुढची धाव डीकनची स्वतःची आहे, चाल वेगळी आहे, आणि ते गाणं अमेरिकेत नंबर एकला गेलं तरी लेखक म्हणून नाव एकट्या डीकनचंच राहिलं. तीन ठोके कोणाच्या बापाचे नसतात, पुढचं वाक्य असतं. मात्र अगदी निर्धास्तही होऊ नकोस, २०१५ मध्ये 'ब्लर्ड लाइन्स'च्या केसमध्ये मार्विन गेच्या गाण्याचा नुसता बाज उचलला या आरोपावर ज्युरीने लाखो डॉलर्सचा दंड ठोकला आणि अपिलातही तो निकाल टिकला. तेव्हा बेसिस्टला 'गुड टाइम्ससारखं वाजव' असं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवू नकोस, गाणं न ऐकवता टेम्पो सांग, ई मायनर सांग, आणि त्याला स्वतःचं सुचू दे.

आणि सुचलं की त्याचा वाटा लिहा. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी पोरं हसतात, की काय दादा, दोस्तीत कसले कागद. अरे कॅझची पण दोस्तीच होती. गाणं रिलीज व्हायच्या आधी एका पानावर: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे किती टक्के, चाल आणि बीट कोणाची किती टक्के, मास्टरचा मालक कोण, बेसिस्टला एकरकमी देऊन मोकळं केलंय की वाटा आहे, सगळ्यांच्या सह्या आणि तारीख. शब्द ज्यांनी लिहिले त्यांनी आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सभासद व्हा, कारण २०१२ च्या दुरुस्तीनंतर आपल्या कायद्यात गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटा सहज लिहून घेता येत नाही, पण सभासदच नसाल तर तो वाटा गोळा कोण करणार. ग्रुपचं नाव कोणाच्या नावावर, एक जण सोडून गेला तर काय, हेही त्याच पानावर टाका, शुगरहिल गँगचं काय झालं ते वर वाचलंच.

पैशाबद्दल खोटी आशा लावत नाही. मुंबईच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये 'आफत' आयपॅडवर करून यूट्यूबवर टाकलं आणि तिथून नाव झालं, तेव्हा गाणं करायचा खर्च ही अडचण राहिलेली नाही. पण स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर मास्टरचा पैसा सुरूच होत नाही, आणि झाले तरी त्यात चहा-वडापावच्या वर काही येत नाही. खरा पैसा कॉलेज फेस्ट, शो, ब्रँडचं काम, एखाद्या सिरीजमध्ये गाणं जाणं यातून येतो, आणि सिरीजवाले पहिला प्रश्न विचारतात की हक्क क्लिअर आहेत का. आमच्याकडे मिक्सला आलेलं एक गाणं, चांगलं गाणं, असंच हातातून गेलं. बीट ऑनलाईन स्टोअरवरून स्वस्तातल्या लीजवर, म्हणजे नुसत्या वापरायच्या परवान्यावर, घेतलेली, तीच बीट अजून बऱ्याच जणांकडे, त्यातल्या कोणीतरी कंटेंट आयडीला (गाणी आपोआप ओळखणारी यूट्यूबची यंत्रणा) नोंदवून टाकलेली, तर आमच्याकडे आलेल्या पोराच्याच व्हिडिओवर क्लेम यायला लागले. वाटाघाटी तिथेच थांबल्या.

ड्रम्स कुठून घेतलेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. लूप पॅकचे (तयार तालाच्या तुकड्यांचा संच) असतील तर पावती आणि लायसन्सची फाईल जपून ठेवा, लीजची बीट असेल तर त्यात स्ट्रीमची मर्यादा किती आणि कंटेंट आयडीला परवानगी आहे का या दोन ओळी आधी शोधा. आणि तुमच्याच कोणा मित्राने बसवले असतील तर वरच्या पानावर त्याची सही राहिलीये, ती घ्या.